विलायती चांदी, इंटरनेटचा बाजार

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

ब्रिटिश नाणं म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो राणीछाप रुपया. आजीच्या फडताळातल्या डबीतला, लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवला जाणारा. आज मी बोलणार आहे ते मात्र त्या रुपयाच्या विलायतेतल्या भावंडांविषयी. शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन ही खुद्द इंग्लंडात चालणारी चांदीची नाणी. फार्मासिस्ट म्हणून माझी २२ वर्षं बर्मिंगहॅममध्ये गेली, तिथेच या नाण्यांचा नाद लागला. पूर्वी हा नाद करायचा तर शनिवारच्या बाजारात किंवा जुन्या नाण्यांच्या दुकानात जावं लागे, दुकानदार नाणं हातावर ठेवी, आपण भिंगातून बघायचं आणि मग घासाघीस. आता हा सगळा बाजार संगणकाच्या पडद्यावर आलाय. सोय झाली यात शंका नाही. पण नाणं हातात घ्यायच्या आधी पैसे हातातून जातात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आधी या भावंडांची ओळख करून घेऊ. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत इंग्लंडात एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स होत. म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आपल्या रुपये-आणे-पैच्या हिशेबात वाढलेल्या पिढीला हे समजायला जड जाणार नाही. चांदीतलं सगळ्यात मोठं नाणं क्राउन, म्हणजे पाच शिलिंग. त्याच्या निम्मा हाफ क्राउन, अडीच शिलिंगचा. दोन शिलिंगचा फ्लोरिन, मग शिलिंग, सहा पेन्सांचं सिक्सपेन्स आणि तीन पेन्सांचं इवलंसं थ्रीपेन्स. हेच थ्रीपेन्स किंवा सिक्सपेन्स नाताळच्या पुडिंगमध्ये लपवायचे आणि ज्याच्या घासात येईल तो नशीबवान, अशी तिथली रीत.

एका मराठी बाईला या परक्या नाण्यांचं काय कौतुक, असं तुम्ही विचाराल. एक कारण नाण्यावरच लिहिलेलं आहे. १८९३ पासून १९४८ पर्यंतच्या ब्रिटिश नाण्यांवर लॅटिन मजकुरात ‘इंड इंप’ अशी अक्षरं असतात. हिंदुस्थानचा सम्राट किंवा सम्राज्ञी, या बिरुदाचं ते संक्षिप्त रूप. आपल्याकडच्या रुपयावर व्हिक्टोरिया १८७७ पासूनच सम्राज्ञी म्हणून मिरवत होती. लंडनच्या नाण्यावर ते बिरुद यायला पुढची १६ वर्षं गेली, आणि १९४९ सालच्या नाण्यांवरून ते नाहीसं झालं. सत्ता कधी आली नि कधी गेली याची नोंद पाच-सहा ग्रॅमच्या चकतीवर सापडते, याची मला अजूनही गंमत वाटते.

आता मुद्द्याकडे येते. जुन्या चांदीच्या नाण्याला दोन किमती असतात. एक मोडीची, म्हणजे त्यातल्या चांदीची. दुसरी संग्राहकाची, म्हणजे त्या नाण्याच्या दुर्मीळपणाची, इतिहासाची आणि ते किती चांगल्या अवस्थेत टिकलंय याची. पहिली किंमत कुणालाही घरबसल्या काढता येते. दुसरी ठरवायला अभ्यास लागतो. ऑनलाइन बाजारातली बहुतेक फसवणूक या दोन किमतींच्या मधल्या फटीत चालते. म्हणून मी नवशिक्यांना सांगते, पहिली किंमत पाठ करा आणि दुसरीचा अभ्यास होईपर्यंत हात आखडता ठेवा.

पहिलीसाठी दोन सालं लक्षात ठेवली की पुरे. १९२० आणि १९४७. १९१९ सालापर्यंतच्या ब्रिटिश चांदीच्या नाण्यांत साडेब्याण्णव टक्के चांदी असे. हाच तो प्रसिद्ध ‘स्टर्लिंग’ कस. पहिल्या महायुद्धानंतर चांदीचा भाव भडकला. एक औंस स्टर्लिंग चांदीतून टांकसाळ ६६ पेन्सांची नाणी पाडत असे, आणि १९२० च्या फेब्रुवारीत त्याच एका औंसाचा बाजारभाव ८९ पेन्सांच्याही वर गेला. नाणी वितळवण्यातच फायदा, अशी वेळ आली. सरकारने त्याच वर्षी कायदा करून चांदीचं प्रमाण निम्म्यावर आणलं. नाण्याचा आकार तोच, वजन तेच, छापही जवळपास तोच. पण आत ५० टक्के चांदी आणि बाकी हिणकस. झिजलं की हे नाणं पिवळट दिसू लागतं, नवखी नजरही महिनाभरात ते ओळखते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने अमेरिकेकडून चांदी उसनी घेतली होती. ती परत करायची तर नाण्यांत चांदी घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून १९४७ सालापासूनच्या नाण्यांत चांदी नाही, तांबं आणि निकेल आहे. राजघराण्यातर्फे ईस्टरच्या आधी दान केली जाणारी ‘माँडी’ नाणी तेवढी अपवाद, ती पुन्हा स्टर्लिंगची झाली. आपल्याकडेही हेच घडलं होतं. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली निकेलचा रुपया आला. युद्धाची झळ दोन्हीकडच्या खिशांना सारखीच लागली म्हणायची.

या सगळ्या नाण्यांची वजनं त्यांच्या किमतीच्या प्रमाणात आहेत, त्यामुळे हिशेब सोपा जातो. १८१६ नंतरच्या शिलिंगचं वजन ५.६६ ग्रॅम. फ्लोरिन त्याच्या दुप्पट, ११.३१. हाफ क्राउन १४.१४ आणि क्राउन २८.२८ ग्रॅम. सिक्सपेन्स शिलिंगच्या निम्मं, २.८३. म्हणजे कोणतीही मिसळ असली तरी २० शिलिंग भरतील एवढी नाणी घेतली की वजन ११३ ग्रॅम. ती १९२० च्या आधीची असतील तर त्यात शुद्ध चांदी सुमारे साडेचारशे नव्हे, १०४ ग्रॅम. नंतरची असतील तर साडेछप्पन्न. ‘साडेचारशे’ मी मुद्दाम म्हटलं, कारण विक्रेते ग्रॅम, औंस आणि दर्शनी किंमत यांची अशी काही खिचडी करतात की घेणाऱ्याच्या मनात भलताच आकडा बसतो. त्या दिवशीचा चांदीचा भाव बघायचा, आपल्या आकड्याने गुणायचं, आणि मग जाहिरातीतली किंमत वाचायची. क्रम उलटा करू नये.

जाता जाता एक मौज. आपला एक तोळ्याचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी १०.७ ग्रॅमच्या आसपास. विलायतेतल्या फ्लोरिनमध्ये साडेदहाच्या किंचित आत. चांदी रुपयात जास्त. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी दराने रुपया मिळे १६ पेन्सांना, आणि फ्लोरिन होता २४ पेन्सांचा!

आता दुसरी किंमत. ती समजायची तर इतिहासात थोडं डोकवावं लागतं. १६६२ पूर्वी इंग्लंडात बहुतेक नाणी हातोड्याने ठोकून पाडत. त्यांची कड ओबडधोबड असे, त्यामुळे लोक कडेची चांदी कातरून घेत आणि उरलेलं नाणं पूर्ण भावात खपवत. यंत्राने पाडलेल्या, कडेला दाते असलेल्या नाण्यांनी या कातरणीला आळा बसला, तरी जुनी कातरलेली नाणी बाजारात फिरतच होती. १६९६ साली ती सगळी परत घेऊन नव्याने पाडायचा घाट घातला गेला, आणि त्याच वर्षी टांकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाला तो आयझॅक न्यूटन. होय, तोच. काम इतकं मोठं होतं की ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉरिच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. त्या वेळच्या शिलिंगवर राजाच्या प्रतिमेखाली गावाचं आद्याक्षर असतं. तसंच १७४५-४६ च्या काही नाण्यांवर दुसऱ्या जॉर्जच्या प्रतिमेखाली ‘लिमा’ असं लिहिलेलं आढळतं. जहाजांवरून लुटलेल्या चांदीची ती नाणी. लुटीचा मालही किती अभिमानाने मिरवलाय बघा.

दुर्मीळपणाचं गणित मात्र इतिहासाच्या गोडीवर चालत नाही. १८८७ साली व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली म्हणून नवी नाणी काढली. सिक्सपेन्सच्या मागे ढालीचं असं चिन्ह घातलं की ते सोन्याच्या हाफ सॉव्हरिनसारखं दिसे. आकारही जवळपास सारखा. लबाडांनी त्यावर सोन्याचा मुलामा देऊन ती दहा शिलिंगांना खपवायला सुरुवात केली. टांकसाळीने घाईघाईने तो छाप मागे घेतला आणि ‘सिक्स पेन्स’ असं स्पष्ट लिहिलेला छाप आणला. आता इंटरनेटवर हे पहिलं सिक्सपेन्स ‘मागे घेतलेलं, अतिदुर्मीळ’ म्हणून चढ्या किमतीला मांडलेलं हमखास दिसतं. वस्तुस्थिती अशी की मागे घेतलं म्हणूनच लोकांनी ते आठवण म्हणून जपून ठेवलं. त्यामुळे आज ते ढिगाने मिळतं, तेही चांगल्या अवस्थेत. गोष्ट दुर्मीळ, नाणं नव्हे.

याउलट १९०५ चा हाफ क्राउन. दिसायला अगदी साधा, सातव्या एडवर्डचा. पण त्या साली तो निघाला अवघा १,६६,००८. झिजलेला असला तरी संग्राहक त्याला चांगले पैसे मोजतात, आणि म्हणूनच त्याच्या नकला फार.

बर्मिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळींत एक वयस्कर गृहस्थ होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आयुष्यभर बस चालवली, निवृत्तीनंतर नाती झाली तेव्हा तिच्यासाठी प्रत्येक राजाचं एकेक नाणं जमवायचं त्यांनी मनावर घेतलं. एका संध्याकाळी ते घरी आले आणि रुमालातून हाफ क्राउन काढून म्हणाले, “वहिनी, एवढं जरा तुमच्या काट्यावर बघता का? १९०५ चा मिळालाय.” माझ्याकडे दशांशाचे दोन आकडे दाखवणारा छोटा काटा होता. त्याने दाखवलं १२.६१. काकांनी विचारलं, “झिजून एवढं कमी होतं का?” झिजून कमी होतं, नाही असं नाही. वर्षानुवर्षं फिरलेल्या हाफ क्राउनचं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजन जाऊ शकतं. पण तेव्हा त्यावरचा राजाचा चेहरा सपाट झालेला असतो. या नाण्यावर दाढीचे केसही दिसत होते आणि तरी दीड ग्रॅम गायब. भिंगाखाली पाहिलं तर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, आणि कडेच्या दात्यांवरून आडवी गेलेली एक बारीक रेघ. साच्यात ओतलेलं नाणं होतं ते. टांकसाळीत नाणं ओतत नाहीत, दाबाने छापतात.

काकांनी त्यासाठी महिन्याच्या पेन्शनमधला मोठा हिस्सा घातला होता. त्याहून वाईट म्हणजे विक्रेत्याने ‘साइटवरून घेतलंत तर कमिशन जातं, थेट बँकेत भरा, वीस पौंड कमी करतो’ असं सांगितलं आणि काकांनी ते ऐकलं. त्या वीस पौंडांपायी साइटचं संरक्षण गेलं. विक्रेत्याने पत्रांना उत्तर दिलं नाही. काका पुढे महिनाभर त्या विषयावर बोललेच नाहीत, आणि नातीच्या अल्बममधली एडवर्डची जागा बरेच दिवस रिकामी होती. पुढे आम्ही तिथे १९०२ चा शिलिंग बसवला, साधासुधा, दुकानातून हातात घेऊन आणलेला.

तेव्हा काटा हवाच. तो फार महाग नसतो. त्याच्या जोडीला पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवायचा, आकडा शून्य करायचा, आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला लागणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. स्टर्लिंग चांदी असेल तर उत्तर १०.३ च्या आसपास येतं, १९२० नंतरच्या निम्म्या चांदीचं साडेनऊच्या थोडं वर, आणि तांबं-निकेल असेल तर नऊच्या जरा खाली. अस्सल हाफ क्राउन पाण्यात सुमारे १.३७ ग्रॅमचा आकडा दाखवतो. आर्किमिडीजची ही युक्ती इतक्या शतकांनीही घरच्या ओट्यावर करता येते. लोहचुंबकाला नाणं चिकटलं तर ते खोटं हे नक्की, पण चिकटलं नाही म्हणून खरं ठरत नाही. पितळही चिकटत नाही. आणि ‘खणखणीत नाणं’ हा आपल्या भाषेतला शब्द कितीही आवडता असला तरी महागडं नाणं फरशीवर आपटून बघू नका. कडेला लागलेला एक टोला किंमत निम्मी करतो.

या परीक्षा नाणं घरी आल्यानंतरच्या. त्याआधी जाहिरात वाचता आली पाहिजे. मी आधी फोटो बघते. दोन्ही बाजूंचे, स्पष्ट, आणि त्याच नाण्याचे. कडेचा फोटो नसेल तर मागून घेते. एकच फोटो पाच वेगवेगळ्या जाहिरातींत दिसला की ती पानं बंद. मग वर्णन. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’, ‘मला यातलं काही कळत नाही’, ‘जसं आहे तसं, परत घेतलं जाणार नाही’ ही तीन वाक्यं एकत्र आली की समजावं, विक्रेत्याला यातलं बरंच कळतं. वर्णनात वजन नसेल तर विचारायचं. साधा प्रश्न आहे, आणि प्रामाणिक विक्रेता अर्ध्या दिवसात उत्तर देतो. जो चिडतो त्याला नमस्कार. विक्रेत्याचे जुने व्यवहारही बघावेत. शंभर लोकांनी चांगलं म्हटलंय, पण ते मोबाइलच्या कव्हरांबद्दल असेल तर नाण्यांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही.

किमतीच्या बाबतीत मोठी चूक म्हणजे मागितलेली किंमत हीच बाजारभाव समजणं. मागायला काय, कुणीही काहीही मागेल. लिलावाच्या साइटवर ‘विकली गेलेली’ नाणी वेगळी काढून बघता येतात. तसंच नाणं, त्याच अवस्थेतलं, गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्षात कितीला गेलं ते पाहायचं. स्पिंक या लंडनच्या जुन्या पेढीचा इंग्लंडच्या नाण्यांचा कॅटलॉग दरवर्षी निघतो. त्यातल्या किमती दुकानातल्या आहेत हे लक्षात ठेवून तो वापरावा. जुनी प्रत स्वस्तात मिळते, आणि प्रकार ओळखायला ती पुरेशी होते. खऱ्या नाण्याचा चेहरा कसा असतो हे बघायला ब्रिटिश म्युझियमचा संग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. मी तर म्हणेन, पहिले दोन महिने फक्त बघा. सराफाचा मुलगा गल्ल्यावर बसण्याआधी नुसता बघतच असतो की.

अवस्थेचं वर्णन करायला इंग्रजांनी ठरावीक पायऱ्या केल्या आहेत. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं. गंमत अशी की ‘फाइन’ म्हणजे प्रत्यक्षात चांगलंच झिजलेलं नाणं. नावाला भुलू नये. झीज आधी दिसते ती उंच भागांवर. व्हिक्टोरियाच्या कानावरचे केस, गालाचं हाड, ओढणीच्या चुण्या. पाचव्या जॉर्जची भुवई आणि मिशी. तिथे सपाट डाग असेल आणि विक्रेता ‘वयाच्या मानाने एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणत असेल, तर वयाचा इथे काही संबंध नसतो एवढं त्याला सांगावंसं वाटतं. महाग नाणी सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, दर्जा छापून देणाऱ्या संस्था आहेत, अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या त्यांत प्रसिद्ध. डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर तपासता येतो. तो जरूर तपासावा, कारण आता डब्यासुद्धा खोट्या निघतात.

बोली लावायची असेल तर आपला शेवटचा आकडा जाहिरात बघण्याआधी नव्हे, पण बोली तापण्याआधी नक्की कागदावर लिहावा. टपालखर्च त्यातच धरावा. आणि ती बोली शेवटच्या काही सेकंदांत लावावी. आधीपासून चढवत नेली की समोरच्याला आणि स्वतःलाही चेव येतो. नावाजलेल्या लिलावगृहांतून घेताना हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराचं शुल्क लागतं, बऱ्याच ठिकाणी ते वीस टक्क्यांच्या वर असतं. तरी तिथे तज्ज्ञाने नाणं पाहिलेलं असतं, हा फरक मोठा. व्यापाऱ्यांची ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशन ही संघटना १९७३ पासून आहे. तिच्या सभासदाकडून घेतलेलं नाणं थोडं महाग पडेल, झोप मात्र शांत लागेल. इंग्लंडात व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत खरेदी रद्द करण्याचा हक्क आहे. घरगुती विक्रेत्याला हा नियम लागू नाही. पण त्याची वस्तूही वर्णनाप्रमाणे असायला हवीच. थेट दुकानदाराकडून १०० पौंडांहून महाग नाणं क्रेडिट कार्डावर घेतलं, तर १९७४ च्या कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. तुमची मुलं तिकडे असतील तर त्यांना एवढं सांगून ठेवा.

सुरुवात कशाने करावी? तिसऱ्या जॉर्जपासून सहाव्या जॉर्जपर्यंत सात राजे-राण्यांचा एकेक शिलिंग. फार खर्च न करता सव्वाशे वर्षांचा इतिहास समोर येतो. यात आठवा एडवर्ड येत नाही. तो १९३६ मध्ये वर्ष संपायच्या आत गादीवरून उतरला, आणि त्याच्या चेहऱ्याचा शिलिंग चलनात कधी आलाच नाही. तो कुणी स्वस्तात देऊ केला तर ते अलीकडचं हौशी खेळणं समजा.

आपल्या मुंबईशी नातं असलेलं एक ब्रिटिश नाणं सांगायचं राहिलं. १८९५ पासून चीन, हाँगकाँग आणि मलायातल्या व्यापारासाठी ‘ट्रेड डॉलर’ पाडला जाई, आणि त्यातला मोठा भाग निघाला तो मुंबईच्या टांकसाळीतून. एका बाजूला हातात त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलाय लिपीत ‘एक डॉलर’. त्रिशूळाच्या मधल्या टोकात भिंगाने पाहिलं तर मुंबईचं आद्याक्षर असलेलं बारीकसं इंग्रजी ‘बी’ दिसतं. वजन २६.९६ ग्रॅम, चांदी ९० टक्के. आपल्या माणसांना हे नाणं हवंहवंसं वाटणं साहजिक आहे. पण जगात ज्या नाण्यांच्या सर्वांत जास्त नकला होतात त्यांत याचा नंबर बराच वर लागतो. वजन न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ते कधीही घेऊ नका, आणि स्वस्त असेल तर मुळीच नाही.

नाणं घरी आलं की आपल्याकडच्या बायकांचा हात पहिला जातो तो चिंचेकडे, नाहीतर राखेकडे. देवाची भांडी घासतो तसं लख्ख करायचं. कृपा करून करू नका. चांदीवर वर्षांनुवर्षं चढलेली ती काळसर, कधी निळसर झाक संग्राहकाला हवी असते. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली हजार ओरखडे दिसतात, आणि ते परत मोडीच्या भावाला येतं. कागदी पाकिटात किंवा पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवा. मऊ, वास येणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या अल्बममध्ये काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो.

आणि शेवटचं, उलट्या दिशेच्या प्रवासाबद्दल. परदेशी राहणारी मुलं दिवाळीला येतात आणि आजीचे राणीछाप रुपये ‘आठवण म्हणून’ बॅगेत टाकतात. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर अडचण व्हायला नको असेल, तर ते रुपये फडताळातल्या डबीतच राहू द्या. मुलांना त्यांचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा, आणि वजन लिहून.